डॉ. श्रीराम लागू : रंगमंचावरचे आणि पडद्यावरचे 'मास्तर'



'माझा आवडता अभिनेता' हा निबंध सातवीच्या मुलांना दिला की वहीत बहुतेक सिरियलमधली आणि हिंदी पिक्चरमधली नावं येतात. त्यात वावगं काही नाही, मुलं जे बघतात तेच लिहिणार. एखादा हुशार विद्यार्थी घरच्यांना विचारून डॉ. श्रीराम लागूंवर लिहितो. पण तो निबंध कसा असतो? जन्म, शिक्षण, नाटकांची यादी, पुरस्कार, निधन. एवढ्यानं माणूस काही कळत नाही. म्हणून आज त्यांच्या कारकिर्दीकडे एकाच बाजूने बघू. डॉ. लागूंनी शिक्षक किती वेळा उभा केला आणि कसा केला, ते.

आधी थोडी माहिती घेऊ, कारण पालकांचा एक नेहमीचा प्रश्न तिथेच सुटतो. लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ चा, साताऱ्याचा. शिक्षण पुण्यात, भावे हायस्कूल, फर्ग्युसन कॉलेज आणि मग बी. जे. मेडिकल. कान-नाक-घशाचे ते सर्जन झाले. पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले. पुण्यात दवाखाना चालवला, आफ्रिकेत टांझानियातल्या टबोरा गावीही काम केलं. आणि १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून पूर्णवेळ नट झाले.

आता निबंधाच्या पुस्तकात यावर एक ठरलेलं वाक्य असतं, की त्यांनी अभिनयासाठी डॉक्टरकी सोडली. वाक्य खरं आहे, पण अर्धं. ते ऐकून मुलगा म्हणतो, मलाही शिकायचं नाही, मला ॲक्टिंग करायची. आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो! बघा, लागूंनी व्यवसाय सोडला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. त्याआधी कॉलेजपासून त्यांची नाटकं चालूच होती. पुण्यात भालबा केळकरांसोबत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, मुंबईत 'रंगायन'मध्ये. दिवसा पेशंट, संध्याकाळी तालीम. म्हणजे उडी मारण्याआधी दोन दशकं ते पोहत होते. हे मुलांना नीट सांगितलं, तर निबंधातलं ते वाक्य धोक्याचं राहत नाही.

पूर्णवेळ नट झाल्यावर वर्षभरातच, १९७० मध्ये, शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं. आप्पासाहेब बेलवलकर या थकलेल्या नटाची भूमिका लागूंनी केली तेव्हा ते स्वतः म्हातारे नव्हतेच. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही आप्पासाहेब केले आणि २०१६ च्या सिनेमात नाना पाटेकरांनी केले. त्यावर खूप लिहून झालंय, मी इथे थांबत नाही.

मला जास्त बोलायचंय ते त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांबद्दल. १९७२ ला 'हिमालयाची सावली' हे कानेटकरांचं नाटक आलं. त्यातले प्रोफेसर भानू महर्षी कर्व्यांवरून सुचलेले. समाजासाठी झिजणारा मोठा शिक्षक, आणि त्याच्या मोठेपणाची किंमत भरणारी त्याची बायको आणि मुलं. प्रोफेसर भानू लागू झाले होते आणि बायो शांता जोग. पुरस्कारप्राप्त शिक्षकाचा सत्कार आपण बघतो तेव्हा फोटोत कडेला उभं असलेलं त्याचं घर कुणी बघत नाही. हे नाटक नेमकं तिकडे बोट दाखवतं.

त्याच वर्षी व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला. मूळ कल्पना जर्मन, 'द ब्लू एंजल' या १९३० च्या सिनेमाची, पण आपल्याकडे ती पक्की गावरान झाली. श्रीधरपंत गुरुजी म्हणजे आदर्शाचा पुतळा. गावात आलेल्या तमाशाला ते हाकलतात आणि शेवटी त्याच फडातल्या चंद्रकलेपायी सगळं गमावून बसतात. गुरुजींचा खून झाला असं गावाला वाटतं, गाव त्यांचा खराखुरा पुतळा उभारतं, आणि इकडे जिवंत गुरुजी फडाबरोबर हिंडतायत! शेवट तर विलक्षण आहे. स्वतःच्याच खुनाचा आरोप त्यांच्यावर येतो आणि ते तोंड उघडत नाहीत, कारण उघडलं तर गावाचा आदर्श मोडेल. लोक लावण्यांसाठी 'पिंजरा' बघतात. मला त्यात आपल्या पेशावरचा एक जड प्रश्न दिसतो. गावाला शिक्षक माणूस म्हणून हवा असतो, की पुतळा म्हणून?

आणि मग 'सामना'. डॉ. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. निर्माते रामदास फुटाणे, जे एके काळी चित्रकला शिक्षक होते. गंमत बघा, जब्बार पटेल डॉक्टर, लागू डॉक्टर आणि मारुती कांबळे झालेले मोहन आगाशेही डॉक्टर. १९७५ ला हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला.

आपल्या सोमेश्वरनगरच्या माणसाला 'सामना' समजावून सांगावा लागत नाही. साखर कारखाना, त्याभोवतीचं गाव, ऊस, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सगळं ओळखीचं. आधीच स्पष्ट करतो, ही कुठल्या एका कारखान्याची गोष्ट नाही. कारखान्यामुळे माळरानावर शाळा आल्या, दवाखाने आले, हे आपण रोज बघतो. सिनेमातले हिंदुराव धोंडे पाटीलही नुसते खलनायक नाहीत. निळूभाऊ फुल्यांनी ते असे केलेत की माणूस कर्तबगार वाटतो, गोड बोलतो, पाहुणचार करतो. त्यानं गाव उभं केलंय, यात खोटं काही नाही.

अशा गावात एक दारुडा उतरतो. एके काळचा ध्येयवादी, आता पार विस्कटलेला. सगळे त्याला मास्तर म्हणतात. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतात, खायला-प्यायला घालतात, आपलं साम्राज्य फिरवून दाखवतात. मास्तर दबून जायला पाहिजे. पण त्याच्या कानावर मारुती कांबळे नावाच्या एका माणसाचं नाव पडतं. फौजेतून आलेला, खरं बोलणारा, आणि आता गावात नसलेला. मास्तर विचारायला लागतो, त्याचं झालं काय? दारू पिऊन विचारतो, शुद्धीत विचारतो, ज्याला त्याला विचारतो. त्याच्याकडे पुरावा नाही, पद नाही, अब्रूही फारशी नाही. प्रश्न तेवढा आहे. आणि तेवढ्यानं तो सगळा डोलारा हलतो.

लागूंचं काम बघा. हा मास्तर श्रीधरपंतांच्या अगदी उलटा. तिकडे ताठ मान, इस्त्रीचे कपडे आणि शेवटी मौन. इकडे लडबडणारी चाल आणि थांबत नाही असं तोंड. दोन्ही भूमिका एकाच नटानं दोन-तीन वर्षांच्या अंतरानं केल्या, हे माहीत नसेल तर पटत नाही.

हा सिनेमा शिक्षकांनी एकदा तरी बघावा, असं मला का वाटतं ते सांगतो. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं, ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, मुलं शाळेत येतात. हंगाम संपला की एका रात्रीत कोप्या उठतात. पटावर नाव राहतं, पोर नसतं. त्याच्या मूळ गावच्या शाळेत ते पोचलं का? की मधेच कुठं भट्टीवर, गुऱ्हाळावर राहिलं? पोरगी असेल तर तिचं लग्न तर नाही ना झालं? हजेरीच्या रकान्यात याचं उत्तर नसतं. एखादा फोन, मुकादमाकडे चौकशी, तिकडच्या गुरुजींना एक निरोप एवढं केलं तरी काही मुलं सापडतात. 'मारुती कांबळे' फक्त सिनेमात हरवत नाही.

लागूंनी पुढे 'सिंहासन'मध्ये अर्थमंत्री केला, 'घरोंदा'साठी फिल्मफेअर मिळवलं, ॲटनबरोच्या 'गांधी'त गोखले केले. (गोखलेही फर्ग्युसनचे प्राध्यापकच!) हिंदीत शंभरावर सिनेमे केले, त्यातले बरेच विसरण्यासारखे आहेत. पण उतारवयात, सत्तरीच्या पुढे, 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकात ते सॉक्रेटिस झाले. प्रश्न विचारतो म्हणून विषाचा पेला प्यावा लागलेला शिक्षक. १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. 'लमाण' हे त्यांचं आत्मचरित्र मोठ्या वाचकांनी जरूर वाचावं.

वर्गात काय करता येईल? 'पिंजरा', 'सामना' प्राथमिकच्या मुलांसाठी नाहीत, ते आपण मोठ्यांनी बघायचे. मुलांसाठी लागूंचा आवाज घ्या. एके काळी घसा तपासणाऱ्या या डॉक्टरनं 'वाचिक अभिनय' नावाचं पुस्तक लिहिलंय. त्या विषयाला धरून एक साधा उपक्रम होतो. 'तू आलास' हे दोन शब्दांचं वाक्य फळ्यावर लिहायचं आणि पाच मुलांना पाच भावांत म्हणायला लावायचं : आनंदानं, रागानं, आश्चर्यानं, भीतीनं, रुसून. बाकीच्यांनी डोळे मिटून भाव ओळखायचा. मग पाठ्यपुस्तकातला एखादा संवाद तसाच वाचून घ्यायचा. स्वल्पविरामाला थांबायचं का असतं, हे व्याकरणाच्या तासाला सांगून कळत नाही, ते मुलांना इथे आपोआप कळतं. मागच्या बाकावरचं लाजरं मूल बहुतेक वेळा 'रुसून' सगळ्यात छान म्हणतं.