सभेला परवानगी कशाला?

शहरातले मैदान सर्वांचे असते. तिथे मुले खेळतात, म्हातारी माणसे बसतात. सभाही तिथेच भरते. मग सभेला परवानगी कशाला हवी?

हत्यार न घेता, शांतपणे एकत्र जमण्याचा हक्क आपल्याला राज्यघटनेने दिला आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे. पण मैदान एक आणि माणसे अनेक. म्हणून जागा व वेळ आधी ठरवून घ्यावी लागते.

मुंबईत आझाद मैदानावर सभा घ्यायची, तर पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. सभा कोणाची, कशासाठी, तारीख, वेळ, माणसे किती, हे अर्जात लिहावे. अर्जाची पोच घ्यावी. लाउडस्पीकरलाही लेखी परवानगी लागते. सणावाराचे ठरलेले दिवस सोडले, तर रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही. परवानगी नाकारली, तर कारण लेखी मागावे.

२०१८ सालच्या मार्चमध्ये हजारो शेतकरी नाशिकहून पायी मुंबईला गेले. तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. मुलांची अडचण होऊ नये, म्हणून शेवटची वाट ते रात्री चालले. १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोचले. आपला हक्क मागताना त्यांनी दुसऱ्याचीही सोय पाहिली.

आता आपल्याला लिहिता येते. तेव्हा अर्ज दुसऱ्याकडून कशाला? आपणच लिहावा, वाचून पाहावा, मग सही करावी.