नाटकासाठी घरी शिवलेले जाकीट: बेतणे आणि दुरुस्ती

रंगमंचावर वापरायचे जाकीट नेहमीच्या जाकिटापेक्षा थोडे सैल बेततात. आत कुर्ता असतो आणि नटाला हात मोकळे हवे असतात, म्हणून छातीच्या मापात साधारण ४ इंच जास्त धरतात. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर घालून पाहावाच. बहुतेक दोष तिथेच कळतात. सुती कापड आणि अस्तर आधी भिजवून, वाळवून घ्यावे. बाजूच्या शिवणीत १ इंच माया ठेवली, तर तेच जाकीट पुढे दुसऱ्या नटालाही सैल करून देता येते.

दुरुस्ती खांद्यापासून सुरू करावी, कारण खांदा हलला की मुंढा आणि बाही दोन्ही हलतात. हात उचलताच सगळे जाकीट वर ओढले जात असेल, तर मुंढा बहुधा फार खाली उतरलेला असतो. अशा वेळी तो आणखी कापण्याचा मोह होतो, पण त्याने ओढ वाढतेच. मुंढा बगलेजवळ आणावा. तेवढे कापड नसेल, तर बगलेत शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडावा. हा छोटा तुकडा खरोखर मोठे काम करतो.

बाजू आणि लांबी त्यानंतर. प्रत्येक बदल आधी धावदोऱ्याने कच्चा टाचून, नटाला हालचाल करायला लावून मगच मशीन चालवावी. उभ्या कॉलरला बकरम लागते. झटपट वेशबदल असेल, तर दर्शनी बटणे नुसती वरून टाचून खाली प्रेस बटणे लावतात.