पार्टीतला छोटा ग्लास: बीअर यजमानाची, धंदा तुमचा!



समजा, तुम्ही नातेपुत्यात सरबत-मॉकटेलचा काउंटर चालवता. एक दिवस फोन येतो, "शेतावर ४० माणसांची पार्टी आहे. बीअरमध्ये काहीतरी मिक्स करून छोट्या ग्लासात द्याल का?" ऑर्डर चांगली आहे. पण बाटल्या तुम्ही आणल्या आणि ग्लासामागे पैसे लावले, तर तिथेच फसाल. म्हणून आज एकच गोष्ट पक्की करू: आपण बीअर विकायची नाही, आपण मिक्स आणि सेवा विकायची.

आधी कायदा

१९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. विनापरवाना दारू विकली तर तुरुंगवासाची तरतूद आहे. त्यामुळे पार्टीचा एक दिवसाचा परवाना यजमानाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यायचा, बाटल्याही त्यानेच परवानाधारक दुकानातून बिलासह आणायच्या. तुमच्या कोटेशनवर फक्त मिक्स, बर्फ, ग्लास, माणसं आणि वाहतूक. परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय सामान गाडीत भरू नका. शंका असेल तर विभागाच्या कार्यालयात आधी विचारा, लाजू नका.

बीअरसाठी वय किमान २१ पूर्ण हवं. कोवळा चेहरा दिसला तर आधार कार्ड बघा, मग तो यजमानाचा पुतण्या का असेना!

आता तीन ग्लास

१५० मिलीचा छोटा ग्लास धरा.

१. लिंबू शँडी: ७५ मिली गोड लिंबू सोडा, त्यावर ७५ मिली बीअर. ५ टक्क्यांची बीअर अशी निम्मी केली की ग्लासात अडीच टक्के अल्कोहोल राहतं. स्ट्राँग बीअर ८ टक्क्यांची असेल तर ४ टक्के. हा फरक पाहुण्याला सांगा.

२. डाळिंब शँडी: ४५ मिली डाळिंबाचा रस, १० मिली लिंबूरस, ९० मिली बीअर. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या जिल्ह्याचा माल आहे, मेन्यूवर अभिमानाने लिहा.

३. तिखट-मीठ ग्लास: मेक्सिकोत मिशेलादा नावाचं पेय आहे, बीअरमध्ये लिंबू, मीठ, तिखट. आपण ग्लासाच्या कडेला लिंबू फिरवून काळं मीठ आणि लाल तिखट लावू. आत १५ मिली लिंबूरस आणि १२० मिली बीअर.

युक्ती लक्षात ठेवा. सगळं आधीच बर्फगार करा. रस आधी, बीअर शेवटी, ग्लास तिरका धरून हळू ओता. मीठ आत टाकलं की फेस उसळतो, म्हणून ते कडेलाच. आणि जगात आधीच मिसळून ठेवू नका, गॅस निघून जातो आणि पेय बेचव लागतं.

हिशोब इथे चुकतो

४० पाहुणे, माणशी २ ग्लास, म्हणजे ८० ग्लास. सगळे लिंबू शँडी धरले तर ६ लिटर बीअर लागेल. ६५० मिलीच्या १० बाटल्या आणा, असं यजमानाला सांगा.

आता तुमचा खर्च. हे आकडे उदाहरणापुरते, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला. मिक्स, बर्फ, ग्लास मिळून १२ रुपये, म्हणजे ९६० रुपये. दोन मदतनीस १,०००. गाडी ३००. एकूण २,२६०. बरेच जण फक्त १२ रुपये बघतात आणि २० रुपये भाव सांगतात. १,६०० रुपये हातात येतात, खिशातून ६६० जातात. रात्री १२ पर्यंत राबायचं आणि वर पदरचे घालायचे! ४,००० सांगितले तर १,७४० उरतात. अर्धी रक्कम आगाऊ घ्या.

आपल्याच तालुक्याकडून शिका

अकलूज परिसरात फ्राटेली वाइन्सची द्राक्षं आणि वायनरी आहे. इटालियनमध्ये फ्राटेली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचं एक कुटुंब आणि इटलीचं एक कुटुंब असे भाऊ-भाऊ एकत्र आले. त्यांनी पुढे वाइन छोट्या कॅनमध्येही आणली. धडा साधा आहे: ज्याला अख्खी बाटली नको, तोही ग्राहकच असतो.

न पिणाऱ्याला विसरू नका

हेच तीन ग्लास बीअरऐवजी साध्या सोड्यात बनतात. त्यासाठी दारूचा परवाना लागत नाही, फक्त तुमची एफएसएसएआय नोंदणी हवी. बारसं, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, सगळीकडे चालतं. वर्षभराचा धंदा खरा इथेच आहे. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामी येते, तेव्हा तर बीअरची ऑर्डर घेऊच नका. आषाढी एकादशीला ड्राय डे असतो आणि गावात तुमचं नावही राहिलं पाहिजे. त्या दिवसांत सरबताचा काउंटर लावा.

आणि पार्टीत पाणी, खाणं भरपूर ठेवायला सांगा. प्यायलेल्याने गाडीची किल्ली घेतली तर यजमानाला लगेच कळवा. असा काउंटरवाला लोक पुन्हा बोलावतात.

या आठवड्याचं काम: घरी सोड्यात तिन्ही ग्लास बनवा, दहा जणांना चाखवा, प्रत्येक ग्लासाचा खर्च वहीत लिहा. मदतनीस आणि गाडीसकट. वही पूर्ण झाली की मगच पहिला भाव सांगा.