विंच-उड्डाणातील बिघाडाचा सराव (ग्लायडर)

विंच-उड्डाणातील बिघाडाचा सराव हा ग्लायडर वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा आवश्यक भाग असून काही गंभीर अपघात या सरावातच घडले आहेत. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेली विंच लांब दोर वेगाने गुंडाळून ग्लायडरला वर खेचते. पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातही ही पद्धत वापरली गेली आहे. दोर तुटल्यास किंवा यंत्र बंद पडल्यास काय करावे हे शिकवण्यासाठी प्रशिक्षक मुद्दाम दोर सोडतो किंवा विंचचालक ठरल्याप्रमाणे यंत्राची शक्ती काढून घेतो.

चढाईत ग्लायडरचे नाक सुमारे ४५ अंश वर असते. ओढ थांबताच वायुवेग झपाट्याने घटतो, म्हणून नाक त्वरित खाली आणावे लागते. मात्र ते नेहमीच्या स्थितीत आले म्हणजे वेगही परत आला असे नव्हे. खरा धोका याच भ्रमात आहे. वेग वाढण्यापूर्वी वळण घेतल्यास एक पंख आधी स्टॉल होऊन ग्लायडर गिरकीत (स्पिन) सापडू शकते व ते सावरण्याइतकी उंची बहुधा नसते.

अगदी कमी उंचीवर प्रशिक्षणार्थीने क्षणभर उशीर केला, किंवा उलट नाक फार खाली दाबले, तर प्रशिक्षकाला नियंत्रण हाती घेण्यास वेळच उरत नाही. खऱ्या बिघाडाची उंची कोणी ठरवत नाही. सरावाची मात्र प्रशिक्षकच ठरवतो.

ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये सुरक्षित विंच-उड्डाणाची मोहीम सुरू केली. त्यानंतर ब्रिटनमधील अशा प्राणघातक व गंभीर अपघातांचे प्रमाण लक्षणीय घटले.