सकाळच्या नभोवाणीतील 'डोंगर'

"डोंगरावर आज गर्दी आहे, केर्लीमार्गे जाणाऱ्यांनी लवकर निघावे," असे वाक्य चैत्र पौर्णिमेच्या सकाळी कोल्हापुरातील निवेदकाने उच्चारले, तर कोणता डोंगर, असे तेथील श्रोता विचारीत नाही. गावाचे नाव वाडी रत्नागिरी. परंतु जोतिबाच्या भक्तांच्या बोलण्यात नुसता 'डोंगर' पुरतो. हेच वाक्य मुंबईत तयार होऊन अनेक शहरांत एकाच वेळी ऐकवावयाचे असेल, तर 'कोल्हापूरजवळील जोतिबाचा डोंगर' असे म्हणावे लागेल. आणि एवढे करूनही नागपूरच्या श्रोत्यास त्याचा उपयोग नाही. म्हणून ते वाक्यच गळते.

सामायिक कार्यक्रमाची भाषा निकृष्ट असते, असा याचा अर्थ नव्हे. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे प्रादेशिक बातमीपत्र इतर केंद्रे सहक्षेपित करतात आणि त्यातील प्रमाण मराठी सर्वत्र कळते. बातमीपत्र स्थलनामे उच्चारून बोलते. सकाळच्या गप्पा मात्र 'इथे', 'वर', 'आत्ता' अशा दर्शक शब्दांवर चालतात, आणि वक्ता व श्रोता यांचे ठिकाण एक असल्याखेरीज त्यांचा अर्थ निश्चित होत नाही. 'भावा', 'लेका' ही संबोधने परगावच्या निवेदकाला उसनी घेता येतात. 'वर' हा शब्द नाही.

2005 च्या धोरणानुसार खाजगी एफ. एम. केंद्रांची अशी जोडणी एका विभागातील लहान शहरांपुरती मर्यादित होती; 2011 च्या धोरणाने ती देशभर मोकळी केली. त्याच धोरणाने वाहतूक, हवामान, सण-उत्सव यांविषयीची माहिती 'बातमी' या संज्ञेतून वगळली, हे लक्षणीय आहे. स्वतःची बातमी देण्यास मनाई असलेल्या केंद्रास डोंगराची वाट सांगण्याची मुभा आहे. यात्रेच्या सकाळी ती वापरावयाची, तर ध्वनिक्षेपकापाशी कोल्हापुरातला निवेदक बसलेला असावा लागतो.