परसबागेला हत्यारं किती अन् कोणती?



मृगाचा पाऊस जवळ आला की घरामागच्या मोकळ्या जागेत चार वेल लावावेत असे सगळ्यांनाच वाटते. न्हाणीच्या पाण्यावर दोडका, कारले, वाल येतो. दोन वाफ्यांत पालक, मेथी, सांबार होतो. कडेला वांगी आणि मिरची लावता येते. आपल्या शाळेच्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. म्हणजे वाढत्या वयात भाजी रोज पोटात गेली पाहिजे. घरी ती रोज विकत आणणे सर्वांना जमत नाही. म्हणून परसबाग.

पण बाग करायची म्हटले की पहिला प्रश्न हत्यारांचा. आपल्याकडे वखर, डवरं, तिफण ही अवजारे पुष्कळांच्या घरी असतात. ती वावरात बैलांनी ओढायची. दहा फुटांच्या वाफ्यात बैल कसा फिरणार? परसबागेला हातातली हत्यारं लागतात. ती थोडीच लागतात, पण नीट पारखून घ्यावी लागतात.

आधी मातीला विचारा

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. आपले देऊळघाट घाटावर आहे. इकडे कुठे काळी भारी जमीन, तर कुठे हातभर मातीखाली लगेच मुरूम. काळी माती ही काळ्या खडकाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यात चिकणमाती जास्त असते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात ती फावड्याला अशी चिकटते की मातीपेक्षा फावडंच जड होते.

या मातीत काम करायची खरी वेळ म्हणजे वाफसा. ओळखायचा कसा? मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर तो भुरभुर फुटला, तर वाफसा आला. गोळा बोटालाच चिकटून बसला तर दोन दिवस थांबा. वाफशावर साध्या खुरप्यानेही काम होते. वाफसा गेल्यावर चांगली कुदळसुद्धा उडते. म्हणजे निम्मे काम हत्याराचे आणि निम्मे वेळेचे.

विकत घ्यायची चार

१. खुरपं. सगळ्यात लहान, पण सगळ्यात जास्त वापरात येणारे. निंदण करणे, माती भुसभुशीत करणे, रोप लावायला खड्डा करणे, रोपाला मातीची भर देणे, ही सर्व कामे ते करते. पैसे एकाच हत्याराचे असतील तर खुरपं घ्या.

२. कुदळ. कडक जमीन खणण्यासाठी. तिचे पाते अरुंद असते, त्यामुळे सगळा जोर थोड्या जागेवर पडतो आणि ती आत शिरते. आपण विज्ञानात पाचर हे साधे यंत्र शिकलो, ते हेच. जागा मुरमाड असेल तर कुदळीपेक्षा टिकाव बरा.

३. फावडं. हे खणण्याचे नव्हे, ओढण्याचे हत्यार आहे. कुदळीने मोकळी केलेली माती ओढणे, वाफ्याचा वरंबा बांधणे, पाण्याचा पाट काढणे, शेणखत पसरणे ही त्याची कामे. कडक जमिनीवर फावडं मारले तर पाते वाकते नाहीतर दांडा मोडतो.

४. विळा. मेथी-पालक कापायला, वेलाचे वाळलेले भाग काढायला, गवत कापायला. बहुतेक घरी विळा असतोच. असेल तर दुसरा घेऊ नका, त्यालाच धार लावून आणा.

घरीच होणारी दोन

झारी: बी उगवून आले की लोट्याने पाणी ओतू नये. धारेने बी उघडे पडते आणि कोवळी रोपे आडवी होतात. तेलाच्या रिकाम्या प्लास्टिक डब्याच्या झाकणाला गरम खिळ्याने बारीक भोके पाडा. झाली झारी. खिळा गरम करण्याचे काम मात्र मोठ्या माणसाने करावे.

दोरी आणि दोन खुंट्या: ओळ सरळ आखण्यासाठी. वाफा तीन-चार फुटांपेक्षा रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. हात पोचला नाही तर माणूस वाफ्यात पाय देतो, आणि पाय पडला की मोकळी केलेली माती पुन्हा दबते.

माती-खत वाहायला घमेलं किंवा टोपलं घरात असतेच. सब्बल वर्षातून एकदा, मांडवाचे खांब रोवायला लागते. ती शेजाऱ्याकडून मागून आणावी, आणि आपले फावडं त्याला द्यावे. वर्षातून एक दिवस लागणाऱ्या वस्तूत पैसा अडकवू नये.

बाजारात हल्ली रंगीत मुठीच्या छोट्या हत्यारांचा संच मिळतो. कुंडीतल्या भुसभुशीत मातीला तो ठीक आहे. पण त्यातले पातळ पत्र्याचे पाते आपल्या काळ्या मातीत वाकते.

हे हत्यार कोणाच्या हातात राहणार?

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरात खुरपं सर्वांत जास्त वेळ कोणाच्या हातात असते? आईच्या, आजीच्या, काकूच्या. निंदण त्याच करतात. पण आठवडी बाजारातून खुरपं आणतो कोण? बहुतेक वेळा बाबा किंवा काका. ते आपल्या हाताच्या मापाने बघतात. जाड मूठ आईच्या हातात नीट बसत नाही. मग ती दिवसभर मूठ आवळून धरते, आणि संध्याकाळी मनगट दुखते. आपण म्हणतो, काम जास्त झाले. खरे तर मूठ जाड असते.

माप घ्यायची रीत सोपी आहे. खुरपं मुठीत धरले की अंगठा बोटांवर येऊन टेकला पाहिजे. टेकत नसेल तर मूठ जाड. बोटे तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक. फावड्याचा आणि कुदळीचा दांडा जमिनीवर उभा केला तर वापरणाऱ्याच्या साधारण कमरेपर्यंत यावा. फार आखूड दांड्याने पाठ जास्त वाकते. आपल्यासारख्या मुलांनी मोठ्यांचे फावडं उचलण्याचा हट्ट करू नये. जे हत्यार आपल्याला थांबवता येत नाही, ते आपले नव्हे.

माणसासाठी हत्यार बदलता येते याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातच आहे. शेंदुर्णी गावचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी जुन्या सायकलचे चाक आणि हॅन्डल घेऊन हाताने ढकलायचे कोळपे तयार केले. बैल नसलेल्या लहान शेतकऱ्याला ते उपयोगी पडते. अहमदाबाद जवळच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या कामाची दखल घेतली. बाग मोठी असेल आणि भाजी ओळीत लावली असेल, तर असे सायकल कोळपे निंदणाचा बराच त्रास वाचवते. बसून सरकण्याऐवजी उभ्याने काम होते.

पारख कशी करावी?

लोखंडाला लोखंडाने हलकेच वाजवून बघा. चांगले पाते खणखणीत वाजते. आत चीर असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. खुरप्याच्या पात्याचे शेपूट मुठीत खोलवर गेलेले असावे आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी घट्ट बसलेली असावी. कडी नसली की मूठ चिरते. फावड्या-कुदळीच्या नेढ्यात दांडा हलता कामा नये.

लोहारदादांकडून करून घेत असाल तर ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याचे खुरपं करायला सांगा. ते पोलाद कडक असते. नीट पाणी दिले तर त्याची धार लवकर जात नाही. शिवाय लोहाराकडे हाताचे माप सांगता येते. ते बाजारात टांगलेल्या खुरप्याला सांगता येत नाही. दांड्याला बाभूळ किंवा धावडा चांगला. लाकडाच्या रेषा सरळ, लांबीच्या दिशेने गेलेल्या असाव्यात. मध्ये गाठ असेल तर दांडा तिथेच मोडतो.

निगा आणि सावधगिरी

काम झाले की माती काढा, पाते धुऊन कोरडे पुसा आणि तेलाचा हात फिरवा. लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. तेलाने ती वाट बंद होते. दांड्याला वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे. ते लाकडावर वाळून बसते आणि पाणी आत शिरू देत नाही.

उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि कुदळ दांड्यावर डुगडुगते. पुष्कळजण ती रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगून ती घट्ट होते खरी, पण वाळले की पुन्हा सैल. अशी कुदळ मारताना निसटली तर समोरच्याच्या अंगावर जाते. म्हणून पाचर ठोकून घ्यावी. कुदळ चालवणाऱ्याच्या पुढे किंवा मागे उभे राहू नये.

हत्यार लागून जखम झाली तर ती साबण-पाण्याने धुवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. गंजामुळे धनुर्वात होतो असे लोक म्हणतात. खरे तर त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. म्हणून नव्या कोऱ्या खुरप्याच्या जखमेलाही तेवढेच जपावे. याची लस १० व्या आणि १६ व्या वर्षी मोफत देतात. आपल्या वर्गात कोणाची राहिली असेल तर घरी सांगा.

तर मंडळी, चार हत्यारं विकत, दोन घरची, एक मागून, एवढ्यात परसबाग होते. पालकांना एवढीच विनंती की पुढच्या बाजाराला खुरपं घ्यायचे असेल तर आईला सोबत न्या. दुकानासमोर पाच-सहा खुरपी तिच्या हातात देऊन बघा. जे तिच्या मुठीत बसेल, तेच घ्या.