परजीवी चाचणीचे पेटंट आणि बाजार: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

परजीवींचा अभ्यास हैदराबादला नवा नाही. सिकंदराबादच्या बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज याच शहरात पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी), हैदराबाद विद्यापीठ आणि राष्ट्रीय पशुजैवतंत्रज्ञान संस्था आहेत. वेशीवर जैवतंत्रज्ञान उद्योगांची जिनोम व्हॅली वसली आहे. परजीवी ओळखणारी नवी चाचणी घडवायला लागणारे ज्ञान, माणसे आणि कारखाने इथे हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही प्रयोगशाळेत उत्तम चाललेली चाचणी गावातल्या आशा सेविकेच्या पिशवीपर्यंत क्वचितच पोचते. विज्ञान पक्के असूनही काम अडते, तेव्हा त्यामागे अनेकदा पेटंट आणि बाजाराबद्दलच्या चुकीच्या समजुती असतात. संशोधन करणाऱ्या आणि त्यात पैसा घालणाऱ्या प्रत्येकाने त्या वेळीच दूर करायला हव्यात.

गैरसमज १: परजीवीतले नवे प्रथिन किंवा जनुक सापडले की त्याचे पेटंट मिळते.

वस्तुस्थिती: निसर्गात जे आहे ते शोधून काढल्याबद्दल पेटंट मिळत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(सी) नुसार वैज्ञानिक तत्त्वाचा किंवा निसर्गात आढळणाऱ्या सजीव-निर्जीव पदार्थाचा निव्वळ शोध हा ‘आविष्कार’ ठरत नाही. रॉस यांचे निरीक्षण आज कुणी पेटंट कार्यालयात नेले असते, तर ते याच कलमावर फेटाळले गेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ च्या मिरियाड खटल्यात शरीरातून नुसत्या वेगळ्या केलेल्या जनुकाला पेटंट नाकारले.

मग पेटंट कशाला मिळू शकते? हिवतापाची साधी रॅपिड टेस्ट कॅसेट उघडून पाहा. आत नायट्रोसेल्युलोजची पट्टी असते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब आणि द्रावणाचे काही थेंब टाकले की सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेले अँटिबॉडी रक्तातले परजीवीचे प्रथिन पकडतात आणि पट्टीवरून पुढे सरकतात. ‘टी’ रेषेवरचे दुसरे अँटिबॉडी त्यांना अडवतात आणि तिथे लाल रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटांत निकाल हाती येतो. प्रथिन निसर्गाचे असले तरी मुद्दाम घडवलेले अँटिबॉडी, जोडणीची नवी पद्धत, द्रावणाचे नवे मिश्रण, उपकरणाची नवी रचना हे सारे माणसाचे कर्तृत्व आहे. नावीन्य, तांत्रिक प्रगती आणि औद्योगिक उपयोग सिद्ध करता आला, तर त्यावर दावा करता येतो.

गैरसमज २: भारतात निदानाच्या कोणत्याही चाचणीला पेटंट मिळतच नाही.

वस्तुस्थिती: हे अर्धसत्य आहे. माणसांवरील किंवा जनावरांवरील उपचारांच्या आणि निदानाच्या प्रक्रियेला कलम ३(आय) पेटंट नाकारते. हे कलम प्रक्रियेबद्दल बोलते. किट, अभिकारक आणि उपकरण या वस्तूंवर त्याचा रोख नाही. ‘रक्तात अमुक प्रथिन मोजून रोग ओळखण्याची पद्धत’ असा दावा लिहिला तर तो बहुधा अडकतो. तेच काम करणारे नव्या घडणीचे किट असा दावा लिहिला तर तो टिकण्याची शक्यता वाढते. गोठ्यातल्या गाईसाठी बनवलेल्या, थायलेरिया या परजीवीच्या चाचणीलाही हाच नियम लागू होतो, कारण कलमात जनावरांचा स्पष्ट उल्लेख आहे.

हैदराबादचे अर्ज पेटंट कार्यालयाच्या चेन्नई शाखेकडे जातात. म्हणून मद्रास उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल इथल्या संशोधकांनी वाचायलाच हवा. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. शरीराबाहेर, नमुन्यावर केलेली तपासणी कलमातून आपोआप सुटत नाही. पण निदानाशी दुरून संबंध असलेली प्रत्येक प्रक्रियाही त्यात ओढायची नाही. उपचारासाठी रोग आहे की नाही हे ती प्रक्रिया स्वतः सांगू शकते का, हा निकष. युरोपात हीच रेषा वेगळी आहे. तिथे शरीरावर प्रत्यक्ष केलेल्या निदानालाच मनाई आहे, प्रयोगशाळेत नमुन्यावर केलेल्या पद्धतीला नाही. अमेरिकेत २०१२ च्या मेयो निकालानंतर निदानाच्या पद्धतींवरचे दावे फार कठीण झाले. एकाच चाचणीसाठी या तीन ठिकाणी दाव्यांची भाषा तीन प्रकारे लिहावी लागते, ती यामुळे.

गैरसमज ३: आधी शोधनिबंध छापावा, पेटंटचे नंतर पाहता येईल.

वस्तुस्थिती: इथेच सर्वांत जास्त नुकसान होते, आणि ते पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे. अर्जाच्या तारखेआधी तुमचा शोध जगापुढे आला, तर नावीन्य संपते. मग तो शोधनिबंधात छापलेला असो, परिषदेतल्या पोस्टरवर असो की ग्रंथालयात खुल्या झालेल्या पीएचडी प्रबंधात असो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी भारतीय कायद्यात बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहणे धोक्याचे, आणि युरोपात ती चालत नाही.

उपाय सोपा आहे. निबंध पाठवण्याआधी पेटंट कार्यालयात तात्पुरते विवरणपत्र (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन) दाखल करावे. तेव्हापासून पूर्ण विवरणपत्रासाठी बारा महिने मिळतात. तेवढ्यात आणखी नमुने तपासता येतात आणि दावे घट्ट करता येतात. २०२१ च्या नियमबदलानंतर शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क त्यांना आणि स्टार्टअपना १,६०० रुपये पडते. खरा खर्च वकिलाचा आणि परदेशी अर्जांचा असतो. म्हणून कोणत्या देशात अर्ज करायचा, हे बाजार पाहूनच ठरवावे.

गैरसमज ४: पेटंट हातात आले म्हणजे चाचणी विकायला मोकळे झालो.

वस्तुस्थिती: पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. स्वतः विकण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. तुमची चाचणी कुणाच्या तरी जुन्या पेटंटवर उभी असू शकते. १९८०च्या दशकात घडलेल्या, जनुकाच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर तंत्राची पेटंटे रोश कंपनीने १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि ती संपेपर्यंत जगभरच्या निदान उद्योगाला त्यांचा विचार करावा लागला. एकाच तापमानावर जनुक वाढवणारे लॅम्प तंत्र जपानच्या आयकेन केमिकलचे. हिवतापासाठी त्याचे किट आले तेही याच कंपनीच्या सहभागाने. मूळ पेटंटची मुदत सरली तरी नंतरच्या सुधारणांवरची पेटंटे जिवंत असू शकतात. त्यामुळे किटमधल्या प्रत्येक घटकाचा मालक कोण, हा शोध आधी घ्यावा लागतो.

पुढे आणखी दोन दारे आहेत. परजीवी भारतातल्या जैविक नमुन्यातून मिळवला असेल, तर जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी किंवा मंजुरीची अट येते. आणि विक्रीसाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार परवाना लागतो. हे नियम चाचण्यांची जोखमीनुसार अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात. जास्त जोखमीच्या क आणि ड वर्गांचा परवाना केंद्राकडून मिळतो.

गैरसमज ५: ९५ टक्के अचूक चाचणी कुठेही ९५ टक्के खरे सांगते.

वस्तुस्थिती: गणित करून पाहू. चाचणी ९५ टक्के रुग्ण पकडते आणि ९५ टक्के निरोग्यांना निरोगी म्हणते, असे धरा. दहा हजार लोकांत १०० रुग्ण असतील तर ९५ पकडले जातील. पण उरलेल्या ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणांनाही ‘पॉझिटिव्ह’चा शिक्का बसेल. एकूण ५९० पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त १६ टक्के. तीच चाचणी १० हजारांत ३,००० रुग्ण असलेल्या भागात नेली, तर पॉझिटिव्हपैकी ८९ टक्के खरे निघतात. चाचणी तीच, पण लोकसंख्या बदलली की तिची किंमत बदलते.

शिवाय चाचणी नेमके काय मोजते, हेही पाहावे लागते. काळ्या आजाराच्या आरके-३९ पट्टीने बिहार-झारखंडमध्ये मोठे काम केले. पण ती अँटिबॉडी मोजते आणि रुग्ण बरा झाल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते. त्यामुळे आजार उलटला का, हे तिच्यावरून कळत नाही. फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या बहुतेक चाचण्या एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. पेरूमधल्या काही परजीवींत त्याचे जनुकच नसल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, नंतर आफ्रिकेतही तसे परजीवी सापडले. या कारणाने पाच टक्क्यांहून अधिक रुग्ण सुटत असतील, तर दुसऱ्या प्रथिनावरच्या चाचणीकडे वळा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या चाचणीची अशी उणीव हीच नव्या चाचणीची खरी संधी असते.

गैरसमज ६: रुग्ण जितके जास्त, तितका बाजार मोठा.

वस्तुस्थिती: परजीवीजन्य आजारांत रुग्ण गरीब असतो आणि चाचणी विकत घेते सरकार किंवा आंतरराष्ट्रीय निधी. जगात दरवर्षी हिवतापाच्या तीस कोटींहून अधिक रॅपिड टेस्ट विकल्या जातात, पण घाऊक खरेदीत एका चाचणीला अर्ध्या डॉलरहूनही कमी भाव मिळतो. निविदेत सर्वांत कमी बोली जिंकते. नव्या चाचणीने थोडी जास्त संवेदनशीलता दिली आणि दर पाचपट मागितला, तर ती कागदावरच राहते.

आजार हटला की बाजारही आटतो. देशात २०१५ मध्ये हिवतापाचे सुमारे ११.७ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२३ मध्ये सुमारे २.२७ लाख. मात्र निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात लपलेला प्रत्येक परजीवी शोधावा लागतो. तेव्हा रुग्ण कमी होऊनही तपासण्या कोट्यवधींनी चालू राहतात आणि अधिक सूक्ष्म चाचणीची गरज वाढते. हत्तीरोगात हे स्पष्ट दिसते. त्याचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात येतात, म्हणून पथकांना अंधार पडल्यावर घरोघरी जाऊन रक्तनमुने घ्यावे लागतात. प्रौढ कृमीचे अँटिजेन ओळखणाऱ्या पट्टीने हे काम दिवसा शक्य केले. तिचा खरा ग्राहक सर्वेक्षण करणारा कार्यक्रम आहे.

या व्यवसायात भारतीय कंपनी टिकूच शकत नाही, असेही नाही. गोव्यातल्या ऑर्किड बायोमेडिकलची पॅराचेक ही हिवतापाची चाचणी आफ्रिकेपर्यंत पोचली आणि जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या चाचण्यांत गणली गेली. एचआरपी-२ चा शोध गोव्यात लागलेला नव्हता. सातत्यपूर्ण गुणवत्ता, परवडणारा दर आणि उष्ण हवेत टिकणारे किट यांवर तिने जागा मिळवली. गोव्याच्याच मोलबायोने ट्रूनॅट हे छोट्या केंद्रात चालणारे पीसीआर यंत्र उभे केले आणि त्यावर हिवतापाच्या चाचण्याही आणल्या.

म्हणून नव्या चाचणीचे मूल्य ठरवताना प्रश्नांचा क्रम उलटा करावा. ती कोण वापरणार आणि निकालानंतर कोणता निर्णय बदलणार? आजची चाचणी कुठे कमी पडते? पैसे कोण देणार आणि किती? हैदराबादच्या मे महिन्यातल्या उन्हात किट कपाटात टिकेल का? घटकांवर कुणाचे हक्क आहेत? आणि या सगळ्याची उत्तरे मिळाल्यावर, कोणत्या देशात नेमका कशावर दावा करायचा? वकिलाकडे जाण्याआधी एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत, रक्ताची काचपट्टी रंगवणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी बसा. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेच्या तापावर उपयोगी पडले पाहिजे. पेटंट त्याचे साधन आहे, आणि ते वेळेवर व विचारपूर्वक वापरणे ही संशोधकाची आणि त्याच्या संस्थेची जबाबदारी आहे.